मावशीची टिकली

त्या दिवशी मावशी दुपारच्या शिफ्टवरून रात्री साडेदहाला घरी आली आणि न जेवता तशीच आडवी झाली. काकांनी आमटी गरम करून ठेवली होती. मी दोनदा हाक मारली, तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "नको गं. या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला माझा. माझ्या नावावर शॉर्टेज लागलंय."

मावशीच्या पगारात घरभाडं आणि किराणा भागतो. मावसभावाच्या क्लासची फी मात्र इन्सेन्टिव्हमधून जाते. त्यामुळे ती का जेवत नाही, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

ते शॉर्टेज मी लिहिलेल्या एका ओळीशी जोडलेलं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

मी मूळची बेळगावची. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि नोकरीसाठी बंगळुरूला आले. व्हाइटफील्डच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी कंटेंट रायटर आहे. तिथलं भाडं परवडेना म्हणून होसकोट्याला मावशीकडे राहते. कन्नडमध्ये होसकोटे म्हणजे नवा कोट. बंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हेही होतं, असं काका प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतात. पाहुण्यांना मात्र इथली पहाटेची दम बिर्याणीच माहीत असते. आजकाल होसकोट्याची आणखी एक ओळख झाली आहे, ती म्हणजे गावाभोवती उभी राहिलेली मोठमोठी गोदामं. त्यातल्याच एका गोदामात मावशी पिकिंगचं काम करते. हातातल्या स्कॅनरवर यादी येते. त्यात दिलेल्या रॅकपाशी जायचं, वस्तू काढायची, स्कॅन करायची, क्रेटमध्ये टाकायची आणि पुढच्या रॅककडे वळायचं. एका शिफ्टमध्ये किती चालणं होतं, ते तिच्या टाचांना विचारावं.

दोन आठवड्यांची धाव

माझं काम काय, हे आईला अजून नीट कळलेलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगते, "लेक कॉम्प्युटरमध्ये आहे." खरं तर मी अॅपच्या स्क्रीनवरचे शब्द लिहिते. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर काय संदेश दाखवायचा, नवीन आवृत्ती आली की लोकांना काय कळवायचं, हे माझं काम.

आमची टीम 'अजाइल' पद्धतीने चालते. पूर्वी सॉफ्टवेअर घर बांधल्यासारखं बनायचं. आधी सगळा आराखडा, मग सगळं बांधकाम आणि शेवटी तपासणी. चूक सापडायची ती वास्तुशांतीच्या दिवशी! २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी वेगळा मार्ग मांडला. थोडं बनवा, लोकांच्या हातात द्या, काय चुकलं ते बघा, सुधारा आणि पुन्हा द्या. त्यांच्या जाहीरनाम्यात पहिलं स्थान प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्यातल्या संवादाला आहे.

आमच्याकडे हे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालतं. प्रत्येक तुकड्याला 'स्प्रिंट' म्हणतात, म्हणजे छोटी जोरदार धाव. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बैठक होते. जी कामं या धावेत बसत नाहीत, ती 'बॅकलॉग' नावाच्या यादीत जातात. ही यादी म्हणजे घरातला पोटमाळा. वस्तू वर जाते ती "पुढच्या रविवारी काढू" म्हणून, आणि तो रविवार काही उगवत नाही.

दोन सारखी बटणं

गेल्या वर्षी आम्ही गोदामांसाठी अॅप बनवलं. त्यात वस्तू स्कॅन झाली की दोन बटणं दिसायची. एक पुढच्या वस्तूकडे नेणारं आणि दुसरं यादी बंद करणारं. शाळेत कन्नड शिकले होते म्हणून कन्नड शब्दही मीच दिले. गुरुवारची संध्याकाळ होती आणि शुक्रवारी अॅप बाहेर पडणार होतं. पुढे जायला 'मुंदे' आणि संपवायला 'मुगिसि'. दोन्ही शब्द व्याकरणाने बरोबर होते. मी कॉफी प्यायले आणि बसने घरी आले.

काही आठवड्यांनी जेवताना मावशी म्हणाली, "आमच्या स्कॅनरवर नवीन अॅप आलंय." तिने वर्णन केलं तसं माझ्या लक्षात आलं, हे तर आमचंच! मी हरखून म्हटलं, "मावशी, त्यावरचे शब्द माझे आहेत."

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मग ती दोन बटणं इतकी सारखी का गं ठेवलीत?"

मावशी निपाणीची. शाळा मराठीत झाली. इतकी वर्षं इथे राहून कन्नड फाडफाड बोलते, पण लिपी अजून अक्षर लावून वाचते. घाईत ती फक्त पहिलं अक्षर बघते. 'मुंदे'चं पहिलं अक्षर मु आणि 'मुगिसि'चंही मुच. मराठीत 'पुढे' आणि 'पूर्ण' शेजारी शेजारी ठेवले तर जसं होईल, तसंच. त्यात बटणं एकाच रंगाची, एकाच मापाची आणि अगदी खेटून.

मी हसले आणि म्हणाले, "उद्या सांगते ऑफिसात." खरंच सांगितलं. ते बॅकलॉगमध्ये गेलं. "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू," असं ठरलं. त्यानंतर दोन महिने मीही पुन्हा विचारलं नाही.

मावशी मात्र थांबली नव्हती. तिने पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि स्कॅनरच्या प्लॅस्टिकच्या कडेवर, उजवीकडच्या 'मुंदे'च्या बरोबर खाली चिकटवली. तिला रोज सात नंबरचाच स्कॅनर मिळायचा. टिकलीच्या वर अंगठा टेकवला की झालं, वाचायची भानगडच नाही. तिचं बघून आणखी दोघीतिघींनी टिकल्या लावल्या.

मग आमच्याकडे एका सकाळच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "बाकी सगळ्या स्क्रीनवर शेवटचं बटण उजवीकडे आहे, फक्त इथेच डावीकडे का?" मुद्दा सरळ होता. दोन बटणांची अदलाबदल करायची ठरली. चर्चा दोन मिनिटंही चालली नसेल. मीही मान डोलावली. नव्या आवृत्तीसोबत लोकांना कळवायची ओळ मी लिहिली, "काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी मावशीचा अंगठा नेहमीसारखा टिकलीच्या वर पडत राहिला. तिथे आता 'मुगिसि' होतं. यादी अर्धवट बंद व्हायची आणि लगेच नवी उघडायची. 'मुंदे' दाबलं की पुढचा रॅक नंबर दिसायचा आणि 'मुगिसि' दाबलं की नव्या यादीतला पहिला रॅक नंबर दिसायचा. काहीतरी बिघडलंय, असं स्क्रीन सांगतच नव्हती. सुपरवायझर येईपर्यंत सहा याद्या अर्ध्यावर बंद झाल्या होत्या. न काढलेल्या सगळ्या वस्तू 'सापडल्या नाहीत' म्हणून तिच्या नावावर चढल्या. मी तसं केलं नाही, असं ती सांगत राहिली. "सिस्टीममध्ये तुमचंच नाव आहे," एवढंच उत्तर तिला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती मला म्हणाली, "टिकली होती ना तिथं. मी बरोबर तिच्यावरच दाबलं गं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी तिला सगळं सांगितलं. अदलाबदल, मान डोलावणं आणि ती 'किरकोळ'ची ओळ. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग उठता उठता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तुझ्या साहेबांना सांग."

विमानातलं चाक

त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि मी मोबाइलवर शोधू लागले, की माणूस सारखं चुकीचंच बटण का दाबतो? शोधता शोधता दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानापाशी पोहोचले.

अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं जमिनीवर सुखरूप उतरायची आणि उतरल्यानंतर पायलट चुकून चाकंच आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. 'पायलटची चूक' असा शिक्का बसायचा. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून बघितलं, तर पंखांच्या झडपांचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी होते आणि दिसायला सारखे होते. त्याने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. आता न बघताही बोटांना कळायचं, आपण काय धरलंय ते. आजही विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखंच असतं. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'पायलटची चूक' म्हणून सांगितलेल्या ४६० घटना तपासल्या. यंत्राची मांडणी माणसाला चुकायला कशी भाग पाडते, हे त्यातून दिसलं.

या विद्येला 'ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गाभा एवढाच, की माणसाला यंत्रासारखं वागायला लावू नका, यंत्र माणसाला साजेसं बनवा. माणूस थकतो, घाईत असतो, सवयीने हात चालवतो. हे सगळं गृहीत धरून वस्तू बनवा.

वाचताना मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. तिचं मीठ नेहमी चिनी मातीच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात असायची. दिवे गेले तरी चहात कधी मीठ पडलं नाही. रबराचं चाक आणि मिठाची बरणी, दोन्हीमागचा विचार एकच. आणि मावशीची टिकलीही त्याच जातीची. आमच्या टीमने दोन महिने पुढे ढकललेलं काम तिने एका टिकलीत केलं होतं, आणि आम्ही तिला न विचारता ते मोडलं होतं.

"युजर एरर"

ऑफिसात मी सांगितलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "युजर एरर आहे. ट्रेनिंग द्यायला सांगू."

मी म्हटलं, "ती युजर माझी मावशी आहे."

खोलीत शांतता पसरली. मग आमच्या एका इंजिनिअरने सिस्टीममधल्या नोंदी काढल्या. वस्तू स्कॅन झाल्यापासून बटण दाबेपर्यंत मावशीला लागणारा वेळ बदलाच्या आदल्या दिवशी आणि बदलाच्या दिवशी जवळपास सारखाच होता. तिचा हात नेहमीसारखाच चालला होता. जागा बदलली होती ती बटणाची. तिच्यासारख्याच इतर काही जणींच्या नोंदीतही हेच दिसलं.

त्यानंतर मी बराच विचार केला. आमची पद्धत तर लोकांच्या अनुभवातून शिकण्यासाठीच जन्मली होती. मग अडलं कुठे? माझ्या मते ते 'ग्राहक' या शब्दात अडलं. आमचा ग्राहक म्हणजे पैसे देणारा गोदामाचा मालक. दर दोन आठवड्यांनी आम्ही त्याच्या माणसांना अॅप दाखवायचो आणि ते एसी केबिनमध्ये बसून "छान" म्हणायचे. मात्र अॅप वापरत होती मावशी. ती आमच्या एकाही बैठकीत नव्हती. वेगाने धावणं चुकीचं नव्हतं. फक्त ज्याच्यासाठी धावायचं, तो माणूसच आमच्या वाटेत कुठे उभा नव्हता.

मी मराठी टाइप करायला 'स्वरचक्र' वापरते. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं आणि हवा तो स्वर निवडता येतो. हा कीबोर्ड मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. त्यांच्याबद्दल वाचताना त्यांचा एक अभ्यास सापडला आणि मी खुर्चीत सरळ बसले. जोशी, एन. एल. सरडा आणि संजय त्रिपाठी यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला होता. प्रश्न नेमका आमचाच होता. वापरणाऱ्या माणसाचा विचार सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रक्रियेत किती मिसळला आहे, हे मोजायचं आणि त्याने वस्तू खरंच वापरायला चांगली होते का, हेही मोजायचं. त्यांनी उद्योगातले ६१ प्रकल्प तपासले. जिथे हा विचार प्रक्रियेत जास्त मिसळलेला होता, तिथे वस्तूही तिच्या उद्दिष्टाच्या जास्त जवळ पोहोचली होती. आणि हा परिणाम जुन्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीपेक्षा अजाइल प्रकल्पांत थोडा जास्तच दिसला होता.

म्हणजे "आमच्याकडे दोनच आठवडे असतात, माणसांचा विचार कधी करणार?" ही तक्रार उलटी होती. छोट्या धावांतच तो विचार जास्त फळतो, कारण आज कळलेली चूक दोन आठवड्यांत सुधारता येते. अट एकच, ती कळायला हवी.

सात नंबरचा स्कॅनर

परवानगी मिळवून आम्ही तिघं एका दुपारी गोदामात गेलो. आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरने आयुष्यात पहिल्यांदा आपलंच अॅप कामावर बघितलं. मावशी डाव्या हाताने क्रेट ओढत होती, उजव्या हातात स्कॅनर. बटण दाबायला मोकळा होता तो फक्त उजवा अंगठा. वरच्या दिव्याचा उजेड काचेवर चमकून अर्धी अक्षरं दिसतच नव्हती. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसलं नसतं. मॅनेजर टिकलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याचा फोटो काढू का?" मावशी म्हणाली, "टिकलीचा काढा. माझा नको, केस विस्कटलेत."

पुढच्याच स्प्रिंटमध्ये बदल झाले. 'मुंदे' मोठं झालं, हिरवं झालं आणि पुन्हा उजव्या अंगठ्याखाली आलं. यादी बंद करायचं बटण वरच्या कोपऱ्यात गेलं. त्याचा शब्दही मी बदलला, 'पट्टी मुच्चि', म्हणजे यादी बंद करा. पहिलं अक्षरच वेगळं. वस्तू बाकी असताना ते दाबलं तर अॅप आता विचारतं, "अजून इतक्या वस्तू बाकी आहेत. यादी बंद करायची का?" हे सगळं करायला फार दिवस लागले नाहीत. आधी दोन महिने मात्र वेळ मिळत नव्हता.

खरा बदल वेगळा होता. प्रत्येक टीमची 'काम पूर्ण झालं' याची एक व्याख्या असते. आमच्या व्याख्येत एक ओळ वाढली, 'टीमबाहेरच्या माणसाने, त्याच्या कामाच्या जागी, हे वापरून बघितलं आहे.' ती ओळ पूर्ण झाल्याशिवाय काम पुढे जात नाही. कुणी म्हणालं, शेकडो लोकांना कधी भेटणार? त्याचंही उत्तर जुनंच आहे. जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहिलं होतं, की पाच माणसांना वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. पाच माणसं म्हणजे एक दुपार. दोन आठवड्यांतून एक दुपार निघते. आधी "चांगुलपणा म्हणून वेळ मिळाला तर" असं होतं. आता ते कामाचाच भाग आहे, म्हणून वेळ निघतो.

नोंदी दाखवल्यावर पुढच्या पगारात मावशीचे पैसे परत आले. आनंदाने तिने मला बिर्याणी आणायला पहाटे पाच वाजता उठवलं. पण तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी, जिच्या नावावर असंच शॉर्टेज लागलं होतं, ती तोवर काम सोडून गावी गेली होती. "मला हे जमतच नाही," असं म्हणून गेली, मावशी सांगत होती. ती परत आली नाही. तिला सगळं जमत होतं, चुकलो आम्ही होतो, हे तिच्यापर्यंत पोहोचवायला माझ्याकडे तिचा नंबरही नाही. 'किरकोळ' हा शब्द मी त्यानंतर कोणत्याही सूचनेत लिहिलेला नाही. काय बदललं आणि कुठे, ते सरळ लिहिते.

आता आमच्या बैठकीत कुणी बटण हलवायचं म्हटलं, की कुणीतरी हमखास विचारतं, "तिथे कुणाची टिकली तर नाही ना?" नव्या मुलांना आधी काही कळत नाही. मग आम्ही त्यांना फोटो दाखवतो.

तुमच्याही घरात अशी एखादी टिकली असेल. रिमोटच्या एका बटणावर लावलेला चिकटपट्टीचा तुकडा, पंख्याच्या स्विचवर नेलपॉलिशचा ठिपका किंवा बाबांच्या मोबाइलमागे चिकटवलेला कागद. ती दिसली तर हसू नका. कुणीतरी बनवताना जे विसरलं, ते तुमच्या घरातल्या माणसाने स्वतः दुरुस्त केलेलं असतं. आणि ती कुणी लावली, का लावली, ते आधी विचारा. मी तेवढंच विचारलं असतं, तर त्या रात्री मावशी जेवून झोपली असती.